खेळाडूच्या दातांसाठी माउथगार्ड कसे निवडावे

मुलगा हॉकी किंवा कबड्डी खेळू लागला की बूट, गुडघ्यांच्या पट्ट्या आणि शिनगार्ड घेताना आपण हात आखडता घेत नाही. दातांची आठवण मात्र पटाशीचा एखादा दात मैदानात पडल्यावरच होते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघातील बंडू पाटील आपल्या बेळगावचे, आणि त्यांच्या गावात हॉकीची स्टिक आजही फिरते. त्या स्टिकच्या उंचीवर समोरच्या खेळाडूचे तोंड येते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. बॉक्सिंगमध्ये माउथगार्ड, म्हणजे दातांवर बसवायचे लवचीक कवच, सक्तीचे आहे आणि हॉकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ते वापरण्याची शिफारस आहे. कुस्तीच्या तालमीत ते घालण्याची रीत नाही, तरी पट काढताना, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला पाडताना, डोके हनुवटीवर आदळते ते काही रीत पाहून आदळत नाही. मॅटवर सराव करणाऱ्या पोरांनी तरी ते वापरावे, असे माझे मत आहे.

बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला तयार साच्याचा: पाकिटातून काढायचा आणि तोंडात घालायचा. तो कोणाच्याच दातांना नीट बसत नाही, तोंड मिटून धरला तरच जागेवर राहतो आणि श्वासाला आडवा येतो. स्वस्त असला तरी घेऊ नये. दुसरा गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर बसवायचा. तिसरा दंतवैद्याने वरच्या दातांचे माप घेऊन, प्लास्टरच्या नमुन्यावर इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट या लवचीक प्लास्टिकचा तक्ता तापवून घडवलेला. तिसरा सर्वांत चांगला आणि अर्थातच सर्वांत महाग. बेळगावात दोन दंतमहाविद्यालये आहेत. जिल्हा पातळीवर किंवा त्यापुढे खेळणाऱ्याने तेथे चौकशी करावी. माप देताना पुढच्या दातांवरची जाडी तयार झाल्यावर ३ मिलिमीटरच्या आसपास हवी, हे स्पष्ट सांगावे, कारण तक्ता तापवून ओढला जाताना पातळ होतो.

शाळेतल्या खेळाडूसाठी दुसरा प्रकार बहुतेकदा पुरतो, पण तो नीट बसवता आला तरच. पाणी मोठ्या माणसाने उकळावे, आच बंद करून पाकिटावर लिहिले असेल तितकेच सेकंद गार्ड त्यात बुडवावे, चमच्याने काढून क्षणभर गार पाण्यातून फिरवावे आणि आरशासमोर उभे राहून वरच्या दातांवर मध्यरेषा जुळवून बसवावे. त्यानंतर दात हलकेच मिटायचे, तोंडातली हवा आत ओढून घ्यायची, जीभ टाळूला लावायची आणि बाहेरून ओठांवर व गालांवर बोटांनी दाबत जायचे, म्हणजे प्लास्टिक दातांच्या फटींत नीट उतरते. येथे बहुतेकांचा हात चुकतो तो एकाच जागी: करकचून चावले जाते, दाढांखालचा भाग पापडासारखा पातळ होतो आणि धक्का सोसायचा असतो तेथेच काही उरत नाही. शेवटी गार्ड गार पाण्यात घट्ट होऊ द्यावे. कड मागे टाळूला टोचून उमासा येत असेल, तर तेवढीच कात्रीने कापून गुळगुळीत करावी. दाढा मात्र झाकलेल्या राहिल्या पाहिजेत. वरचा ओठ आतून हिरडीशी जोडणारी जी बारीक पट्टी असते, तिच्याजवळ छोटी खाच हवी.

बसले की नाही, हे पाहण्याच्या परीक्षा साध्या आहेत. तोंड पूर्ण उघडून मान खाली घातली तरी गार्ड वर टिकले पाहिजे. धावून आल्यावर तोंडाने मोकळा श्वास घेता आला पाहिजे. आणि कबड्डीपटूची खरी परीक्षा तिसरी: गार्ड घालून एका दमात, पंचाला ऐकू जाईल इतके स्पष्ट ‘कबड्डी कबड्डी’ म्हणता आले पाहिजे, कारण दम तुटला असे पंचाने धरले तर चढाई वाया जाते आणि पोरगा दुसऱ्या दिवशी गार्ड पिशवीतच ठेवतो. पिशवीतल्या गार्डने दात वाचत नाहीत. स्पर्धेत खेळायचे असेल तर रंगही पाहावा: बॉक्सिंगमध्ये लाल चालत नाही, तायक्वांदोमध्ये पांढरे किंवा पारदर्शक लागते.

दातांना तारा लावलेल्या असतील तर गरम पाण्यात मऊ होणारे साधे गार्ड बसवू नये. ते तारांत अडकते आणि काढताना ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारा दातावर चिकटवलेला तुकडा, निघून येते. तारा बसवणाऱ्या दंतवैद्यालाच विचारावे. साधारण सहा ते बारा वर्षांच्या मुलांचे दुधाचे दात पडून कायमचे येत असतात, त्यामुळे सहा महिन्यांपूर्वी घट्ट बसणारे गार्ड आज हलू लागते. या वयात महागडे करून घेण्यात अर्थ नाही. गार्डमुळे डोक्याचा मार टळतो, असे दुकानदार सांगत असेल तर त्यावर विसंबू नये.

निगा अवघड नाही. वापरानंतर गार पाण्याने धुऊन, ब्रशने हलकेच घासून, भोके असलेल्या डबीत वाळत ठेवावे. आमच्या घरातले पहिले गार्ड मी एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत विसरलो. संध्याकाळी काढले तेव्हा ते कोणाच्याच जबड्याचे राहिले नव्हते. गार्ड चावून चिरले, सैल झाले किंवा कड खरबरीत झाली की बदलावे.

गार्ड नसताना कायमचा दात मुळासकट निखळलाच, तर तो पांढऱ्या भागाने धरावा, मुळाला हात लावू नये, माती असेल तर गार पाण्यात काही सेकंदच धुवावा, घासू नये आणि जागेवर बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्यावा. बसवता आला नाही तर दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत, फार तर तासाभरात, दंतवैद्याकडे न्यावा. निपाणीकरांनी त्यासाठी बेळगावऐवजी जवळचे कोल्हापूर गाठावे, पण गावातच दंतवैद्य असेल तर आधी त्याच्याकडे जावे. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. दूध मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मिळते, फक्त पातेल्यातले गरम नको, पिशवीतले थंड मागावे.