वाइड रिसीव्हर कसा पारखावा?

अमेरिकन फुटबॉलमध्ये पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू म्हणजे वाइड रिसीव्हर. एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ ड्राफ्टमध्ये कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात. २०१७च्या ड्राफ्टआधी जॉन रॉस हा रिसीव्हर ४० यार्ड ४.२२ सेकंदांत धावला. तो तेव्हाचा विक्रम होता, आणि सिनसिनाटी बेंगल्सनी त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. त्याच ड्राफ्टमध्ये ४.६२ सेकंद घेणारा कूपर कप ६९वा निवडला गेला. रॉसला दुखापतींनी सतावलं हे खरं, पण २०२१ मध्ये झेल, यार्ड आणि टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण) या तिन्हींत लीगमध्ये पहिला आला तो कप. म्हणून घड्याळ शेवटी बघा.

आधी किमान चार सामन्यांचं ऑल-२२ चित्रण मिळवा. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो आणि रिसीव्हर चौकटीबाहेर राहतो; ऑल-२२ मध्ये बावीसही खेळाडू दिसतात. चेंडू त्याच्याकडे आला नाही, असे डावही सोडू नका.

पहिल्या पाच यार्डांत बचावपटूला त्याला हाताने अडवता येतं. तिथे तो जागच्या जागी पाय नाचवतो, की पहिल्याच पावलात पुढे सरकून समोरच्याचे हात झटकतो? साइडलाइनकडे ढकलला गेला, तर क्वार्टरबॅकला (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला) चेंडू टाकायला जागाच उरत नाही.

खरी परीक्षा वळणावर होते, आणि इथे चित्रण पुन्हापुन्हा मागे घेऊन बघावं. १२ यार्डांच्या कर्ल रूटवर (रूट म्हणजे धावण्याचा ठरलेला मार्ग; कर्लमध्ये पुढे धावून अचानक क्वार्टरबॅककडे वळायचं) तो शेवटपर्यंत पूर्ण वेगात दिसला पाहिजे. मग कंबर खाली घेऊन दोन-तीन पावलांत थांबायला हवा. वळण्याआधीच छाती ताठ झाली, पावलं आखूड पडली, की कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) ओळखतो आणि चेंडूवर झेपावतो. आठ यार्ड हवे असताना सातवर वळणारा रिसीव्हर झेल घेऊनही संघाचं नुकसान करतो.

हात बघताना चेंडू शरीरापासून दूर, तळव्यांत घेतो का ते पाहा. छातीवर घेतलेला चेंडू उसळतो. सुटलेले झेल नुसते मोजू नका, कारण लिहा: नजर आधीच पुढे गेली, हात चुकीचे लागले की धक्का बसला? नजरेची चूक सरावाने बहुधा सुधारते. कॉलेजात एक पाय मैदानात टेकला तरी झेल धरतात, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. काठावरचे झेल त्या हिशेबाने तपासा.

आकड्यांत एकूण यार्डांपेक्षा प्रत्येक धावलेल्या रूटमागचे यार्ड उपयोगी. ४०० रूट आणि ९०० यार्ड म्हणजे २.२५, दोनच्या वर चांगलं. कॉलेजच्या खेळाडूचा हा आकडा दुबळ्या संघांविरुद्ध फुगलेला असू शकतो, तेव्हा तगड्या कॉर्नरबॅकविरुद्धचे सामने वेगळे काढून तो पुन्हा मोजा.