इनिशिएटिव्ह टाकताना या चुका टाळा

"मी बाण सोडला!" एक जण ओरडतो. डीएम (खेळ चालवणारा) म्हणतो, "टाक अटॅक." बाण लागतो, आणि मग सगळ्यांना इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईत कोण आधी खेळणार ते ठरवणारा डाइसचा रोल, टाकायला सांगितलं जातं. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या टेबलांवर मला सगळ्यात जास्त दिसलेली चूक हीच. बाणवाल्याला चांगला आकडा आला, तर तो लगेच दुसरा बाण मारतो. पुढच्या सेशनपर्यंत सगळे आधी ओरडायला शिकतात. मग क्रम डाइस ठरवत नाही, ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो.

कुणी हल्ला करायचं ठरवलं की तिथेच थांबा. आधी इनिशिएटिव्ह, मग बाण. "पण मी तर आधी म्हणालो होतो, मी शेवटी कसा?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर गोष्टीत द्या: हात भात्याकडे जाताना गॉब्लिन नावाच्या राक्षसाने पाहिलं आणि तो आधी हलला. हा रोल नेमकं एवढंच ठरवण्यासाठी असतो.

बेसावध शत्रूचं काय? पाचव्या आवृत्तीत 'सरप्राइज राउंड' (बेसावध शत्रूवर मिळणारी जादा फेरी) नावाची गोष्टच नाही, तरी जुनी सवय सुटत नाही. २०१४ च्या नियमांत बेसावध असलेलाही इनिशिएटिव्ह टाकतो, फक्त पहिल्या टर्नला त्याला हलता येत नाही, काही करता येत नाही, आणि तो टर्न संपेपर्यंत दुसऱ्याच्या टर्नमध्ये पटकन उत्तर देण्याची संधी, म्हणजे रिअ‍ॅक्शनही नसते. २०२४ च्या पुस्तकात हे बरंच सौम्य झालं: इनिशिएटिव्हच्या रोलवर डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन डाइस टाकून लहान आकडा धरायचा), बस. टेबलावर दोन्ही पुस्तकं असतील तर कोणतं चालवायचं ते खेळ सुरू होण्याआधीच ठरवा. दबा धरून बसल्यावर हा वाद काढलात तर संध्याकाळ गेलीच.

"मी थांबतो, नंतर खेळतो." पाथफाइंडर या अशाच एका खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत हे चालतं, तिथे डिले आहे. पाचव्यात नाही. इथे फक्त रेडी आहे, आणि ते फुकट नाही: काय घडल्यावर काय करणार ते आधी सांगायचं, ती वेळ आली की रिअ‍ॅक्शन खर्च करायची. मंत्र रेडी केलात तर स्लॉट (मोजक्या मंत्र-संधींपैकी एक) तेव्हाच जातो, वर कॉन्सन्ट्रेशनही (मंत्रावर लक्ष धरून ठेवणं) लागतं. ठरवलेली गोष्ट घडलीच नाही, तर स्लॉट पाण्यात.

वीस बाजूंच्या डाइसवर वीस पडले म्हणून टाळ्या वाजवा, पण दोन टर्न मागू नका. इनिशिएटिव्ह हा डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) साधा चेक आहे, त्यात क्रिटिकल (वीस पडल्याचा खास फायदा) नसतो. खेळाडूंचे आकडे सारखे आले तर ते आपापसात ठरवतात, राक्षसांचं डीएम बघतो, आणि खेळाडू-राक्षस बरोबरीही त्याच्याच हातात.

सहा गॉब्लिनांसाठी सहा रोल टाकत बसू नका, एका जातीला एकच रोल पुरतो. मात्र सहाही जण एकदम एकाच पात्रावर तुटून पडले, तर त्याचा टर्न येण्याआधीच तो आडवा होतो. मी तीन-तीनचे दोन गट करतो. हा आमच्या घरचा नियम, पुस्तकातला नव्हे. क्रम वहीत लिहून लपवूही नका. प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी दुमडून डीएम स्क्रीनवर (डीएमपुढच्या आडोशावर) अडकवा, आणि "आता जादूगार, मग चोर तयार राहा" असं म्हणत जा. माझ्या टेबलावर तरी निम्मा वाया जाणारा वेळ या एका वाक्याने वाचला.

दर राउंडला नव्याने रोल टाकण्याची हौसही आवरा. पाचव्या आवृत्तीत एकदा ठरलेला क्रम लढाई संपेपर्यंत तसाच फिरतो, उशिरा आलेला राक्षस तेवढा आपला रोल टाकून मध्ये शिरतो. तुम्ही दर वेळी नवा क्रम लावलात तर बघा: २०१४ च्या नियमांत मंकचा (लढाऊ साधू पात्राचा) स्टन, म्हणजे शत्रूला सुन्न करणारा फटका, त्याच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत टिकतो. समजा, मंक या राउंडला सगळ्यांत शेवटी आला आणि पुढच्याला सगळ्यांत आधी. त्याने 'की' पॉइंट (मंकची मोजकी शक्ती) खर्चून ओगर राक्षसाला स्टन केलं, आणि ओगरचा एकही टर्न न बुडता स्टन उतरला.