शिडाच्या काळात बुडालेल्या जहाजाची नोंद कशी शोधावी

केवळ जहाजाच्या नावावर विसंबू नये, कारण एकाच नावाची अनेक जहाजे एकाच वेळी समुद्रात असत. कप्तान, निघाल्याचे बंदर आणि पोहोचण्याचे बंदरही जुळवावे. तारखेबाबत मात्र फार सावध राहावे. ब्रिटनने १७५२ मध्ये दिनदर्शिका बदलताना ११ दिवस गाळले, त्यामुळे इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सिली बेटांजवळ १७०७ साली ‘असोसिएशन’ ही युद्धनौका फुटली तो दिवस जुन्या गणनेने २२ ऑक्टोबर, तर नव्या गणनेने २ नोव्हेंबर येतो. शिवाय ब्रिटिश आरमाराच्या रोजनिशीत १८०५ पर्यंत दिवस आदल्या मध्यान्हापासून मोजला जाई, म्हणून त्यातील दुपारनंतरची घटना नागरी, म्हणजे मध्यरात्रीपासूनच्या, गणनेत आदल्या दिवशीची ठरते. मृतांचा आकडा खलाशांच्या हजेरीपटाशी ताडावा. ती माणसे होती, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.