पिचिंगसाठी बेटकास्टर घेताय? आधी स्पूलला टिचकी मारा

मरळीच्या नादाला लागलेले सांगली-साताऱ्याकडचे बरेच जण हल्ली स्पिनिंग रील बाजूला ठेवून बेटकास्टरकडे वळतायत. बेटकास्टर म्हणजे रॉडच्या वर बसणारं रील, ज्याची लाइन गुंडाळलेली चकरी, म्हणजे स्पूल, फेकताना स्वतः फिरते आणि अंगठ्यानं आवरावी लागते. मरळ बसते जलपर्णीच्या कडेला, लव्हाळ्याच्या बेचक्यात, पाण्यात झुकलेल्या बाभळीखाली. तिथं रबरी बेडूक वरून धप्पकन आदळला की ती गेलीच म्हणून समजा. पिचिंगमध्ये लुअर, म्हणजे तो नकली बेडूक, मोकळ्या हातात धरायचं, रॉडचं टोक खाली, खालून हलका झोका. लुअर पाण्याच्या वीतभर वरून सरकत जातं आणि आवाज न करता उतरतं. अंतर सात-आठ मीटर, फार तर बारा.

ही पद्धत अमेरिकेत लार्जमाउथ बास पकडणाऱ्यांची. तो मासा कृष्णेत नाही, पण आडोशाला दबा धरून झडप घालायची खोड दोघांची एकच. घोळ होतो तो सल्ल्यांचा. तिकडचे लोक बोटीच्या डेकवरून पिचिंग करतात. आपण काठावर उभे, मागे ऊस आणि पायाखाली घसरडी काळी माती. त्यांची खरेदीची यादी जशीच्या तशी उचलून चालत नाही.

दुकानात जायच्या आधी तुमचा नेहमीचा बेडूक वजनकाट्यावर ठेवा. मरळीचे बेडूक साधारण १० ते १५ ग्रॅमचे असतात. पुढचं सगळं या आकड्यावर ठरतं.

हँडल कोणत्या बाजूचं? उजव्या हातानं पिच करत असाल तर डावीकडचं. लुअर पाण्याला टेकल्या टेकल्या मरळ घेते. तेव्हा हात बदलत बसलात तर संपलं.

आता स्पूल. सगळी मेख इथं आहे आणि दुकानदार नेमकं हेच सोडून बाकी सगळं सांगतो. लांब फेकताना रॉडचा जोर लुअरला मिळतो आणि तो हिसका स्पूलला फिरवतो. पिचिंगमध्ये तसा हिसका नसतोच. दहा ग्रॅमचा बेडूक झोक्यानं निघतो आणि तेवढ्याशा ओढीवर स्पूलनं जागचं हलायचं असतं. जड स्पूल उशिरा हलतो, म्हणून लुअर मध्येच पडतं. आणि एकदा फिरला की उशिरा थांबतो, म्हणून वर गुंताही होतो. मीही इथं बरेच दिवस गुंते सोडवत बसलोय आणि दोष अंगठ्याला देत होतो. अंगठा तयार व्हायला वेळ लागतो हे खरं, पण जड स्पूलवर तयार अंगठ्याचंही काही चालत नाही.

तेव्हा दुकानात असं करा. ब्रेक शून्यावर आणा. हँडलच्या बाजूची टेन्शनची चकती सैल करा आणि स्पूलची आडवी हालचाल जेमतेम बंद होईल इतपतच परत आवळा. थंबबार (स्पूल मोकळा करायची अंगठ्याजवळची पट्टी) दाबून स्पूलला नखानं हलकी टिचकी मारा. हलकीच! जोरात फिरवून दाखवणं ही विकणाऱ्याची युक्ती आहे, जोरात कुठलाही स्पूल फिरतो. हलक्या टिचकीवर जो लगेच निघतो, बराच वेळ फिरतो आणि खरखर न करता थांबतो, तो घ्या. दोन-तीन रील शेजारी ठेवून एकाच जोरानं टिचकी मारली की फरक लगेच कळतो.

खोक्यावरच्या बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका. ‘१०+१’ लिहिलेल्या रीलमध्येही स्पूलला धरणारी दोन-तीनच असतात, बाकीची हँडलात वगैरे वाटलेली. ‘दीडशे मीटर लाइन मावते’ हाही पिचिंगसाठी गुण नाही, उलट खोल स्पूल म्हणजे जास्तीचं वजन. उथळ स्पूल बघा. खोल स्पूलचं रील आधीच घेऊन बसला असाल तर तो काठोकाठ भरू नका, चाळीस मीटर लाइन पुरे. तळाला तंगूसाचे चार-पाच वेढे घ्या, नाहीतर ब्रेड (विणलेली) लाइन गुळगुळीत स्पूलवर घसरते.

ब्रेक दोन तऱ्हेचे मिळतात. सेंट्रिफ्युगल ब्रेकचा जोर फिरण्याच्या वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे पिचिंगच्या सावकाश वेगात तो जवळजवळ आड येत नाही. मॅग्नेटिक ब्रेक कमी वेगातही धरतो, पण बाहेरून चकती फिरवून चटकन कमी-जास्त करता येतो. पिचिंगच करायचं असेल तर माझं मत सेंट्रिफ्युगलला.

आणि तो सगळीकडे ऐकू येणारा सल्ला, की थंबबार दाबल्यावर लुअर सावकाश जमिनीवर उतरेल इतकी टेन्शनची चकती आवळा. नव्यानं लांब फेकायला शिकणाऱ्याला तो ठीक आहे. पिचिंगला मात्र घातक, कारण त्यानं स्पूल सुरुवातीलाच अडतो. मग माणूस जोर लावतो, जोरानं लुअर उंच जातं आणि धप्पकन आदळतं. चकती वर सांगितली तेवढीच ठेवा. ब्रेक सुरुवातीला निम्म्यावर, मग रोज थोडा कमी. बाकी काम अंगठ्याचं: सुरुवातीपासून स्पूलवर जेमतेम टेकलेला, लुअर पाण्यापासून वीतभर असताना दाबलेला.

गिअर रेशो ७:१ (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे सात) किंवा त्याहून जास्त, कारण ढिली पडलेली लाइन चटकन आवरायची असते. ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना लाइन आवळून सोडणारा ब्रेक, बहुतेक रीलचा पुरतो.

रॉड. बासवाले सव्वासात-साडेसात फुटी सांगतात. डेकवर पाण्यापेक्षा उंच उभं राहिलं की टोक खाली झुकवायला जागा मिळते. काठावर तेच टोक गवतात अडकतं. तुम्ही साडेपाच-पावणेसहा फूट उंच असाल तर पावणेसात ते सात फूट बस झाला. पॉवर (कडकपणा) मीडियम हेवी, ॲक्शन फास्ट, म्हणजे मुख्यतः टोकाशी वाकणारा. त्याहून महत्त्वाचं, रॉडवर लिहिलेलं लुअरचं वजन वाचा. औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. ‘१/४ ते १’ म्हणजे ७ ते २८ ग्रॅम, हा आपला. ‘१/२’पासून सुरू होणारा रॉड दहा ग्रॅमच्या बेडकाला दाद देत नाही, टोक वाकतच नाही. मागची मूठही तपासा. रील धरल्यावर ती कोपराच्या फार मागे गेली तर झोका देताना दर वेळी बरगडीत टोचते. दुचाकीवरून किंवा एसटीनं जाणाऱ्यांनी मुठीपाशी जोड असलेला दोन तुकड्यांचा खुशाल घ्यावा.

लाइन: ५० पाउंडाची ब्रेड. त्याहून बारीक घेतली तर ती स्वतःच्याच वेढ्यात रुतते.

तलावांवर मासेमारीचा ठेका बहुधा एखाद्या सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा विचारून मगच बसा. लालसर पिल्लांचा थवा दिसला तर तिथं बेडूक टाकू नका. खाली पिल्लं राखणारी मरळ असते. भिलवडी, औदुंबर, सांगलीच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात उतरणं सोडाच, अगदी कडेलाही उभं राहायचं नाही. दोन-तीन मीटर मागून पिच करायचं. अंगणात घमेलं ठेवून सराव कराल तेव्हा ते अंतरही त्यात धरा, आणि घमेल्याच्या अलीकडे एक विटांची ओळ लावा. लुअर विटेला न लागता पलीकडे उतरायला लागलं की नदीवर जा.