दोन मुरलेले एमसी (रॅपर), काट्याची रॅप बॅटल: जजिंग कसं करायचं

सांगलीत बॅटल असली अन् एक मिरजेचा, एक इस्लामपूरचा असला की दोघांची पोरं घसा फोडतात, त्यामुळं आधी तो दंगा कानाआड करा. अन् राऊंड संपला की लगेच मार्क लिहा, शेवटी आठवून दिले तर तिसरा राऊंडच डोक्यात उरतो.

सगळ्यात जास्त वजन रिबटलला, म्हणजे समोरच्याची लाईन जागेवर त्याच्यावरच उलटवण्याला द्या. समजा एक म्हणला "तू आता जुना झालास", अन् दुसरा जागेवर म्हणला "हरिपूरच्या पेवातली हळद हाय मी, जुनी झाली तरी भाव खाती" (पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा), तर ही एक लाईन घरनं पाठ करून आणलेल्या चार पंचलाईनला भारी. कलगी-तुऱ्यातबी सवालाला जवाब लागतोच की. फक्त पहिल्या राऊंडला सुरुवात करणाऱ्याचे रिबटलचे मार्क कापू नका, त्याच्यासमोर उलटवायला काय नसतंच.

फ्लो (शब्द लयीत बसवणं), आवाज दोघांचा चांगलाच असणार, तिथं वेळ घालवू नका. अडखळला तर मात्र कापा, नाव कितीबी मोठं असू दे.

तरीबी बरोबरी झाली तर बघा, कुणाच्या लाईन फक्त समोरच्यालाच लागू होत्या. जी लाईन कुणालाबी मारता येती, तिला कमी मार्क.