कोकणच्या लढायांचा दिनविशेष लिहिताय? या चुका टाळा

खांदेरी हे नाव आणि १८ ऑक्टोबर ही तारीख एकत्र दिसली की दिनविशेष लिहिणाऱ्याचा हात शिवशिवतो. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी अलिबागजवळच्या थळसमोर, खांदेरी बेटाच्या पाण्यात दौलतखानाच्या हाताखालच्या मराठी आरमाराने इंग्रजांच्या ताफ्यावर हल्ला चढवला. इंग्रजांची डोव्हर ही गुराब (लढाऊ गलबत) मराठ्यांच्या हाती लागली, त्यांचे रिव्हेंज हे जहाज मात्र लढत राहिले. पुढे १८ ऑक्टोबर १९८९ रोजी भारतीय नौदलातली पहिली ‘खांदेरी’ पाणबुडी सेवेतून निवृत्त झाली. मग फलकावर वाक्य उमटते, ‘बरोबर ३१० वर्षांनी, त्याच दिवशी!’

हे वाक्य चूक आहे. १६७९ मधला तो १८ ऑक्टोबर इंग्रजांच्या तेव्हाच्या ज्युलियन कॅलेंडरातला आहे. आज भिंतीवर असते त्या ग्रेगोरियन कॅलेंडराने तो दिवस २८ ऑक्टोबर होतो. दोन्ही तारखा आपापल्या जागी खऱ्या आहेत, पण दिवस एक नाही.

शाळेचा फळा, वाचनालयाचा फलक, गडसंवर्धन मंडळाची दिनदर्शिका किंवा गावाचा व्हॉट्सॲप गट यांसाठी मजकूर तयार करताना सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो, म्हणून आधी तोच निस्तरू.

दोन कॅलेंडरांची सरमिसळ

कोकण किनाऱ्यावर शे-दीडशे वर्षे दोन युरोपीय कॅलेंडरे शेजारी शेजारी चालत होती. पोर्तुगिजांनी १५८२ सालीच ग्रेगोरियन कॅलेंडर घेतले, त्यामुळे गोवा, चौल, वसई इथले त्यांचे कागद नव्या (ग्रेगोरियन) पद्धतीचे आहेत. इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या (ज्युलियन) पद्धतीवरच होते, म्हणजे मुंबईचे कागद जुने. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांच्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले. तेव्हा इंग्रजांचा २५ डिसेंबर उजाडला, त्या दिवशी शेजारच्या पोर्तुगीज तळावर ५ जानेवारी होता. मोहीम एकच, पण दोघांच्या रोजनाम्यांत अकरा दिवसांचे अंतर.

हिशेब असा करायचा:

- जुन्या पद्धतीची तारीख २८ फेब्रुवारी १७०० पर्यंतची असेल, तर १० दिवस मिळवा.
- त्यानंतर २ सप्टेंबर १७५२ पर्यंत ११ दिवस मिळवा.
- इंग्रजांनी २ सप्टेंबर १७५२ नंतरचा दिवस थेट १४ सप्टेंबर धरला. तिथून पुढे काहीही मिळवायचे नाही.

शेवटचा मुद्दा घाईत निसटतो. वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींनी विजयदुर्ग घेतला तो १३ फेब्रुवारी १७५६ रोजी. ही तारीख आधीच नव्या पद्धतीची आहे. तिच्यात ११ दिवस मिळवून २४ फेब्रुवारी करणे, हा सुधारायला जाऊन बिघडवण्याचा प्रकार झाला.

उलट वसई. चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे पोर्तुगिजांनी शरणागतीच्या अटी मान्य केल्या, ती तारीख काही पुस्तकांत ५ मे १७३९ आहे तर काहींत १६ मे १७३९. किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला, त्याच्याही १२ मे आणि २३ मे अशा दोन तारखा मिळतात. बरेच जण या चार तारखांच्या चार घटना करून टाकतात. घटना दोनच आहेत. ५ आणि १२ जुन्या पद्धतीच्या, १६ आणि २३ नव्या.

मराठी पुस्तकांत शिवकाळाच्या इसवी तारखा बहुतेक जुन्या पद्धतीने छापलेल्या असतात, आणि तशी टीप दर वेळी असतेच असे नाही. तेव्हा ‘पुस्तकात आहे’ एवढ्यावर थांबू नका. मूळ नोंद कुणाची होती ते पाहा.

तिथी हाताशी असून न तपासणे

आपल्याकडच्या नोंदींत तिथी असते, आणि चंद्र कुणाचे कॅलेंडर मानत नाही. सिंधुदुर्गाच्या पायाभरणीचा दिवस मार्गशीर्ष वद्य द्वितीया, शके १५८६, म्हणजे २५ नोव्हेंबर १६६४ असा दिला जातो. आता चंद्राची स्थिती सांगणाऱ्या एखाद्या संगणकीय पंचांगात ग्रेगोरियन २५ नोव्हेंबर १६६४ काढा. तिथे शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या सुमाराचा अर्धा चंद्र दिसतो. ५ डिसेंबर १६६४ काढा, तर पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवस झालेले असतात. तिथी जुळली ती इथे. म्हणजे २५ नोव्हेंबर जुन्या पद्धतीचा, आणि आजच्या कॅलेंडराने मालवणच्या कुरटे बेटावरचा तो दिवस ५ डिसेंबर.

वाराचा पडताळा याहून सोपा. शिवाजी महाराजांचे रायगडावर निधन झाले, तो दिवस चैत्र शुद्ध पौर्णिमा, शनिवार, ३ एप्रिल १६८०. मोबाइलमधले बहुतेक कॅलेंडर ३ एप्रिल १६८० ला बुधवार दाखवते. लगेच नोंद खोटी ठरवू नका. दहा दिवस मिळवून १३ एप्रिल पाहा, तिथे शनिवार आहे.

तिथीवरून इसवी सन काढताना शक संवतात सरसकट ७८ मिळवणे हीही नेहमीची चूक. चैत्र ते मार्गशीर्ष ७८ चालतात. माघ-फाल्गुनात इसवी सन बदललेले असते, तिथे ७९ हवेत. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १६०२ च्या माघातला, म्हणून १६८१. ७८ मिळवाल तर १६८० येईल, आणि थोरल्या महाराजांच्या हयातीतच शंभूराजांना सिंहासनावर बसवल्यासारखे होईल. पौष मधोमध येतो, तो मात्र जंत्रीत (तिथी आणि इसवी तारखांचा मेळ देणाऱ्या तक्त्यांत) पाहिल्याशिवाय लिहू नका.

इंग्रजी कागदांतही वर्षाचा असाच सापळा आहे. १७५२ पूर्वी त्यांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यात आले ते फेब्रुवारी १६६५ मध्ये, पण त्यांच्या हिशेबी ते वर्ष १६६४ च होते. काही कागदांत ‘१६६४/६५’ असे जोडवर्ष दिसते. त्यातले दुसरे वर्ष घ्यायचे.

रात्रीच्या घटना

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची जेधे शकावलीतली (शकवार घटनांची टिपणे असलेल्या जुन्या साधनातली) नोंद ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवारची आहे, आणि तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले असे ती सांगते. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला सुमारे सव्वा तास बाकी होता. आपला दिवस सूर्योदयाला बदलतो, म्हणून नोंद शुक्रवारची. इसवी तारीख मध्यरात्री बदलते, म्हणून ६ जून १६७४, शनिवार. इथे परस्परविरोध नाहीच. हिजरी महिन्यांचा दिवस तर सूर्यास्ताला सुरू होतो. फारसी अखबारातली (दरबारी बातमीपत्रातली) रात्रीची नोंद वाचताना हे ध्यानात ठेवा.

अलीकडच्या घटनांतही रात्र चकवते. कराचीवरचा क्षेपणास्त्र हल्ला ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री झाला आणि नौदल दिन ४ तारखेलाच असतो. पण ‘४-५ डिसेंबरची रात्र’ असे लिहिले की मुंबईकडे परतणाऱ्या बोटींचा प्रवास ओघाने बरोबर बसतो.

वेढ्याला एकच तारीख चिकटवणे

‘खांदेरीची लढाई’ म्हणजे नेमकी कोणती? १९ सप्टेंबर १६७९ ला बेटावर उतरू पाहणारा इंग्रज अधिकारी थॉर्प मारला गेला, ती एक. १८ ऑक्टोबरची दुसरी. झगडा त्यानंतरही चालूच राहिला. गोवा मुक्तीचेही तसेच. कारवाई १७-१८ डिसेंबर १९६१ च्या रात्री सुरू झाली, पोर्तुगीज युद्धनौका आफोंसु द आल्बुकेर्क १८ तारखेला मुरगावच्या बंदरात झुंजली, शरणागतीवर सही झाली १९ च्या रात्री. कुठल्याही तारखेपुढे ‘हल्ला’, ‘शरणागती’ किंवा ‘ताबा’ यांपैकी एक शब्द हवाच. जहाजांच्या बाबतीत ‘जलावतरण’ आणि ‘नौदलात दाखल’ हे वेगळे ठेवा. आजच्या ‘खांदेरी’ पाणबुडीचे जलावतरण १२ जानेवारी २०१७ चे, नौदलातला प्रवेश २८ सप्टेंबर २०१९ चा.

नावांची गल्लत

राजापूर आणि दंडा-राजपुरी वेगवेगळी. राजापूर रत्नागिरी जिल्ह्यात, जिथे इंग्रजांची वखार होती. राजपुरी मुरूडजवळ, जंजिऱ्यासमोर. इंग्रजी कागदांतले ‘घेरिया’ म्हणजे विजयदुर्ग. ‘सेव्हर्नड्रूग’ १७५५ चे असेल तर हर्णैचा सुवर्णदुर्ग, जो कमोडोर जेम्सने घेतला. १७९१ चे तशाच उच्चाराचे नाव दिसले, तर तो टिपू सुलतानाकडून घेतलेला कर्नाटकातला सावनदुर्ग असण्याची शक्यता जास्त. कुलाबाही दोन आहेत, एक अलिबागचा किल्ला, दुसरे मुंबईचे टोक.

दोन पुस्तकांत तारीख वेगळी निघाली तर

फरक किती दिवसांचा आहे ते आधी मोजा, रोग बहुधा तिथेच कळतो. १० किंवा ११ दिवस असतील तर कॅलेंडरांचा फरक. एक दिवस असेल तर रात्रीची घटना. ९ किंवा १२ आले तर या दोन्हींची बेरीज-वजाबाकी झालेली असते. सुमारे पंधरवड्याचा फरक म्हणजे कुणीतरी शुद्ध-वद्य उलटे वाचले आहे. महिन्याचा असेल तर अधिक मास, किंवा नोंद उत्तरेकडची असून वद्य पक्षाचा महिना पौर्णिमान्त (पौर्णिमेला महिना संपवणाऱ्या) पद्धतीने लिहिलेला. वर्षाचा असेल तर २५ मार्च नाहीतर ७८-७९.

फलकावर लिहिताना रूढ तारीख पुसून टाकू नका, लोक ती ओळखतात. ‘२५ नोव्हेंबर १६६४ (जुनी पद्धत; आजच्या कॅलेंडराने ५ डिसेंबर), मार्गशीर्ष वद्य २, शके १५८६’ एवढे एका ओळीत मावते. आणि १७५२ नंतरच्या घटनेशी जोडी लावायचीच असेल, तर कंसातली तारीख घ्या.