कारखाना येणार म्हणून घाई करताय? मंजुरीच्या फाईलमधल्या या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही वर्कशॉपबाहेर चहा घेत उभं राहिलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं: "इथं फाईल फिरतीया तोवर तिकडं शिनोळीत शेड उभं राहतंय." शिनोळी म्हणजे वेंगुर्ला रस्त्यानं हद्द ओलांडली की लगेच, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. बेळगावच्या कितीतरी जणांनी तिथं युनिट टाकलंय. उलट बाजूनं कोल्हापूरचे फौंड्रीवाले विजेच्या दरावरून चिडले की कर्नाटकात येण्याची भाषा करतात. सीमेवर राहण्याचा हा एक फायदाच म्हणायचा, दोन्हीकडच्या सरकारांना एकमेकांचा धाक दाखवता येतो.

पण हा धाक खाली उतरत उतरत शेवटी गावच्या पंचायतीवर येऊन बसतो. चांगली कंपनी येतीय, शंभर पोरांना काम लागणार, पंधरा दिवसांत ना-हरकत द्या, नाहीतर ते दुसरीकडं जातील. मी एक टर्म ग्रामपंचायतीत होतो आणि त्यानंतर लहान कारखानदारांच्या फाईली तयार करून द्यायचं काम करतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बसून एवढं कळलंय की सहीला फारसा वेळ लागत नाही. सहीच्या आधी जे करायचं ते केलेलं नसतं, आणि तेच पुढं महिनोन्‌महिने खातं.

"सिंगल विंडोत पास झालंय" यावर विसंबणं

कर्नाटकात 2002 च्या उद्योग सुलभीकरण कायद्यानं तीन पातळ्यांच्या सिंगल विंडो, म्हणजे एक खिडकी, समित्या केल्या. 15 कोटींपर्यंतची गुंतवणूक जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं जाते, त्यावरची राज्य समितीपुढं, आणि 500 कोटींच्या वरची मुख्यमंत्र्यांच्या समितीपुढं. आपल्याकडचे बहुतेक प्रस्ताव जिल्ह्यातच निकालात निघतात. समितीत प्रस्ताव पास झाला की पेढे वाटणारे मी पाहिलेत. ती मंजुरी तत्त्वतः असते. जमीन बिनशेती करणं, बांधकामाचा नकाशा, प्रदूषण मंडळाची संमती, अग्निशमन, कारखाने खातं, हेस्कॉमची वीज हे सगळं आपापल्या वाटेनं यायचं असतं. समिती त्या वाटा मोकळ्या करायला मदत करते, तुमच्या वतीनं चालत नाही.

2020 ला याच कायद्यात दुरुस्ती झाली. प्रतिज्ञापत्र दिलं की राज्याच्या बऱ्याच परवानग्या हातात नसतानाही बांधकाम सुरू करता येतं. ही सवलत तीन वर्षं किंवा उत्पादन सुरू होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. तरतूद चांगली आहे, मी स्वतः लोकांना ती वापरायला सांगतो. गोंधळ होतो तो असा: मालक प्रतिज्ञापत्र देतो, शेड बांधतो, मशिनं बसवतो, आणि मग परवानग्यांची आठवण होते. तेव्हा कळतं की मागं सोडलेली जागा कमी पडतीय, पाण्याचा बंब आत वळत नाही. बांधलेली भिंत प्रतिज्ञापत्रानं सरकत नाही. केंद्राच्या कायद्याखाली पर्यावरण मंजुरी लागणारा धंदा असेल तर ती अशी मिळतही नाही.

एक जपायची गोष्ट: हे प्रतिज्ञापत्र बऱ्याचदा कन्नडमध्ये टाइप होऊन समोर येतं. आपल्यातले अनेक जण कन्नड फडाफडा बोलतात पण वाचताना अडतात, आणि लाज वाटते म्हणून विचारत नाहीत. "होतंय की हो, मारा सही" म्हणणारा एजंट नंतर फोन उचलत नाही. शपथ तुमच्या नावावर असते. शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्या, एक दिवस जाईल.

उताऱ्यावर नुसतं नाव बघणं

दलाल जमिनीच्या उताऱ्याची झेरॉक्स आणतो. 9 नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव, खाली क्षेत्र, झालं. मी उतारा हातात आला की आधी 11 नंबरचा रकाना बघतो. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कोर्टाचा मनाई हुकूम, दुसऱ्या कुणाचे हक्क, सगळं तिथं बसलेलं असतं, बारीक कन्नड अक्षरात, कधी अर्धवट छापलेलं. महाराष्ट्रातला सातबारा वाचायची सवय असलेला माणूस हमखास इथं फसतो, कारण रकान्यांची मांडणी वेगळी.

त्याहून मोठा खड्डा म्हणजे सरकारनं अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेली जमीन. 1978 च्या कायद्यानं ती सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. विकली तर व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ कुटुंबाकडं परत जाऊ शकते. 2023 च्या दुरुस्तीनं अशा मागणीला मुदतीचं बंधनही राहिलेलं नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा व्यवहार आहे, आता कोण विचारतंय, असं कुणी म्हटलं तर तिथून उठा. जमीन मूळ कुणाला आणि कुठल्या आदेशानं मिळाली, ते जुन्या फेरफारावर बघूनच पुढं बोला.

तिसरं, बहिणी. चार भाऊ सह्या करायला तयार, आणि नंदगडला किंवा गडहिंग्लजला दिलेल्या बहिणीला कुणी कळवलेलंच नाही. 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार आहे, आणि त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते यानं फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 ला स्पष्ट केलं. कंपनीचा वकील हे विचारणारच. तो विचारण्याआधी तुम्ही बहिणीच्या घरी जाऊन या.

खानापूरच्या पश्चिमेला जागा बघत असाल तर वनखात्याची हद्द आधी. भीमगड 2011 ला अभयारण्य झालंय, आणि त्या पट्ट्यात जुन्या नकाशावर विसंबून चालत नाही.

हे सगळं नको असेल तर औद्योगिक वसाहतीतला प्लॉट घ्यावा. तिथं बिनशेतीची कटकट नाही, नकाशाही औद्योगिक विकास मंडळच मंजूर करतं. मात्र लीज कम सेलचा, म्हणजे आधी भाडेपट्टा आणि नंतर विक्रीचा, करार पूर्ण वाचा. ठरलेल्या मुदतीत उद्योग उभा केला नाही तर प्लॉट परत जातो, आणि हे वाक्य शेवटच्या पानांत असतं.

घाईच्या सभेतला ठराव

ही चूक मी स्वतः केलीय. मे महिना होता. एका कंपनीची माणसं दोन गाड्या घेऊन आली, आठ एकर जागा ठरली होती, पंचायतीचा ठराव हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तातडीची सभा लावली, अकरा सदस्यांपैकी आठ आले, विषय वाचला, सह्या झाल्या. पीडीओनं, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यानं, एकदा विचारलं, जागेवर जाऊन यायचं का? ऊन फार होतं. कुणी गेलं नाही.

मे महिन्यात शिवार मोकळं असतं. पावसाळ्याच्या तोंडावर कंपाउंड घातलं गेलं. मग सुगी आली, आणि मागच्या बाजूच्या शेतकऱ्यांनी भात कापून ट्रॅक्टर जोडला तर पुढं आठ फूट उंच भिंत. त्या जागेतून गाडीवाट जात होती. मोजणीच्या नकाशावर ती तुटक रेघेनं दाखवलेली होती, आम्ही तो नकाशा उघडलाच नव्हता. लोकांनी भिंतीसमोर भाताच्या पेंढ्या रचल्या, काम बंद पाडलं, प्रकरण तहसीलदारांकडून कोर्टात गेलं. शेवटी भिंत तेरा फूट आत घेतली. पंधरा दिवस वाचवायला गेलो आणि आठ महिने घालवले. कंपनीचा माणूस मला म्हणाला, "तुम्ही महिनाभर घेतला असता तरी चाललं असतं हो." हे त्यानं मेमध्ये सांगितलं असतं तर!

मोठ्या प्रमाणावर हेच बघायचं असेल तर हलगा-मच्छे बायपास बघा. तो कारखाना नव्हे, रस्ता. पण बासमती पिकणारी सुपीक जमीन घेताना शेतकऱ्याला बाजूला ठेवलं की काय होतं, ते तिथं दिसतं. स्थगिती, पोलीस बंदोबस्त, पुन्हा कोर्ट, असं वर्षानुवर्षं चाललंय.

पंचायतीला खरंच वेळ वाचवायचा असेल तर जागेवर एक दिवस सगळ्यांना एकत्र आणा. पीडीओ, ग्राम प्रशासन अधिकारी (आधीचा ग्रामलेखाधिकारी), सर्व्हेअर, हेस्कॉमचा सेक्शन ऑफिसर, कंपनीचा इंजिनिअर आणि लगतचे शेतकरी. वाट कुठं, ओढा कुठं, पावसाचं पाणी कुठून उतरतं, विजेची डीपी कुठं बसणार, सांडपाणी कुठं जाणार, हे सगळं तिथल्या तिथं कागदावर घ्या. बळ्ळारी नाल्याच्या काठच्या शिवारात दर मोठ्या पावसात काय होतं ते शहापूर-वडगावच्या शेतकऱ्याला विचारलं तरी पुरे, उंची मोजायचं यंत्र नंतर आणा. बोअरचं पाणी किती उपसणार हे आकड्यात लिहून घ्या.

मग कामं बरोबरीनं चालवता येतात. मालकी आणि मोजणी आधीच हवी, त्याला पर्याय नाही. पण बिनशेतीचा अर्ज गेला की त्याच आठवड्यात विजेचं एस्टिमेट मागा आणि प्रदूषण मंडळाच्या स्थापनेच्या संमतीसाठी अर्ज टाका. एक हातात आल्यावर दुसरं, असं करत बसल्यानं वर्ष जातं. मोठा लोड असेल तर ट्रान्सफॉर्मर आणि लाईनलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि नेमका तोच अर्ज लोक शेवटी टाकतात.

आणखी एक, थोडं कडू. बाहेरची मोठी फाईल आली की तिच्याखाली गावातल्या टर्निंग शॉपची फाईल दबते. त्या दुकानात सहा पोरं कामाला असतात, गावचीच. हत्तरगीजवळ एरोस्पेसचा सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, उभा राहिला, विमानांचे सुटे भाग तिथून जगभर जातात. माझ्या मते त्याला इथं माणसं मिळाली ती उद्यमबागेतल्या अशाच लहान वर्कशॉपांत मशिनवर हात बसलेला असल्यामुळे. तीस दिवसांत उत्तर द्यायचा नियम केला तर तो दोघांनाही लावा.

"गावच्या पोरांना काम देऊ" हे तोंडी ऐकून घेणं

ठरावात हे वाक्य असतंच. पण कुठल्या पदावर, किती, कायम की ठेकेदारामार्फत, कधीपासून, यातलं काही नसतं. मग गेटवर सिक्युरिटी आणि कॅन्टीनमध्ये चार जण लागतात, आणि आश्वासन पाळलं असं होतं. संख्या आणि ट्रेड लिहून घ्या. आयटीआय झालेली किती पोरं गावात आहेत त्याची यादी पंचायतीकडं तयार हवी. ती नसते, म्हणून बोलणं तिथंच संपतं.

'स्थानिक' म्हणजे कोण, हेही आपल्यासारख्यांनी आधीच विचारावं. जुलै 2024 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळानं खासगी नोकऱ्यांत स्थानिकांसाठी व्यवस्थापनात 50 टक्के आणि इतर जागांत 70 टक्के आरक्षणाचं विधेयक मंजूर केलं. उद्योगजगतातून ओरड झाल्यावर ते थांबवलं. त्यातली व्याख्या होती राज्यात जन्मलेला, 15 वर्षं राज्यात राहिलेला, आणि कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणारा. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या पोरांनीही कन्नड विषय घेतलेला असतो. दहावीची मार्कलिस्ट लॅमिनेट करून कपाटात ठेवू नका, चार सत्यप्रती काढून ठेवा. करारात मात्र 'स्थानिक' ऐवजी गावाचं आणि पंचायतीचं नाव घाला.

फाईल अडकलीच तर

साहेबाला भेटायला जाण्याआधी शंका कुठल्या टेबलावरून आली ते बघा. बहुतेक वेळा एखादी क्वेरी पोर्टलवर पडून असते आणि अर्जदारानं ती उघडलेलीच नसते, कारण अर्जात मोबाईल नंबर एजंटचा दिलेला. नंबर स्वतःचा द्या.

उत्तर लेखी द्या, एका क्वेरीला एकाच कागदात. ठरलेल्या मुदतीत सरकारी सेवा देण्याच्या कर्नाटकातल्या 'सकाल' योजनेत येणारी सेवा असेल तर पावतीवर 15 अंकी क्रमांक असतो. मुदत उलटली की त्यावरून वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं. उशिराबद्दल दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाईची तरतूद आहे. त्यात तुमच्या फाईलच्या झेरॉक्सचा खर्चही निघणार नाही, पण अपील नोंदवलं गेलं की फाईल हलते, हा माझा अनुभव. मुदतीत उत्तर नाही म्हणजे मंजूर, असं गृहीत धरून पाया खणू नका. बँकेचा मॅनेजर कर्ज देताना प्रत्यक्ष आदेशाची प्रत मागतो.

तरीही हललं नाही तर उद्यमबागेतल्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन जिल्हा समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख विचारा आणि तुमचा विषय अजेंड्यावर घ्या असं पत्र द्या. बैठकीत संबंधित सगळी खाती एका टेबलाभोवती असतात, तिथं कुणाला "त्यांच्याकडून आलं नाही" म्हणता येत नाही. पत्राच्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या, आणि ती प्रत फाईलच्या पहिल्याच पानावर लावा. टेबलावरचा माणूस मध्येच बदलून गेला तरी नवीन आलेल्याला तुमची गोष्ट पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही.